पिगडंबरच्या तबकड्या आणि लेबलावरची नावे

इंदूरहून महूकडे जाताना राऊ मागे पडले की पिगडंबर नावाचे गाव लागते. तेथे लता दीनानाथ मंगेशकर ग्रामोफोन रेकॉर्ड संग्रहालय आहे. ते कोणत्या सरकारी खात्याने किंवा ध्वनिमुद्रण कंपनीने उभारलेले नाही. सुमन चौरसिया या संग्राहकाने आयुष्यभर जमवलेल्या हजारो तबकड्यांतून ते उभे राहिले आहे. इंदूरच्या मराठी घरांत लताबाईंचा विषय निघाला की या संग्रहालयाचे नाव निघतेच, पण प्रत्यक्ष जाऊन तेथे बसून ऐकलेली माणसे त्या मानाने थोडी. मागच्या रविवारी आत्याला आणि शाळकरी भाचीला घेऊन मी तेथे गेले. संग्रहालयाची सविस्तर माहिती पुष्कळांनी लिहिलेली आहे, म्हणून ती येथे पुन्हा देत नाही. माझे लक्ष तेथे एका गोष्टीत गुंतले आणि शेवटपर्यंत त्यातच राहिले, ती म्हणजे तबकडीच्या मधोमध चिकटवलेले गोल कागदी लेबल आणि त्यावर छापलेले किंवा न छापलेले नाव.

ज्यांच्या लहानपणी घरात तबकड्या नव्हत्या त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. मिनिटाला 78 फेरे घेणारी दहा इंची तबकडी साधारण सव्वातीन मिनिटे वाजते. ती प्लॅस्टिकची नसते. लाखेत दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून केलेल्या लगद्यावर साचा दाबून ती बनवतात. जगभरच्या कारखान्यांना ही लाख मुख्यतः भारतातूनच जात असे. मध्य भारतातल्या आणि छोटा नागपूरच्या जंगलांतील पळस, कुसुम आणि बोरीच्या झाडांवर वाढणाऱ्या एका किड्याच्या स्रावावर कितीतरी देशांचे संगीत पन्नास वर्षे कोरले गेले, हे मी भाचीला सांगितले तेव्हा तिला ते खरे वाटेना. तिने तबकडी हातात घेऊन पाहिली, आणि तिच्या वजनाने ती अधिकच चकित झाली. हातातून निसटली तर ही तबकडी फुटते, हे सांगून मी ती लगेच परत घेतली.

सव्वातीन मिनिटांची ही मर्यादा किती दूरवर पोहोचली ते आपल्या लक्षात येत नाही. मुखडा, दोन किंवा तीन अंतरे आणि त्यांच्यामध्ये वाद्यांचे तुकडे, ही आपल्याला नैसर्गिक वाटणारी चित्रपटगीताची घडण तबकडीच्या एका बाजूच्या मापाने पक्की झाली. चित्रपटात गाणे लांब असले तर तबकडीसाठी ते पुष्कळदा छाटावे लागे किंवा दोन बाजूंवर विभागावे लागे. नाट्यगीते गाणाऱ्यांना रंगमंचावर ‘वन्समोअर’ घेत गाणे वाढवण्याची सवय. तबकडीवर मात्र त्यांनाही तेवढ्याच वेळात आटोपावे लागे. पुढे मिनिटाला 33⅓ फेरे घेणारी दीर्घवादन तबकडी आली आणि एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक जागा मिळाली. आमच्या इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांची एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी असलेली तबकडी या सवडीमुळेच शक्य झाली. चित्रपटगीताने मात्र आपले जुने माप सोडले नाही. लोकांच्या कानाला त्याचे वळण लागले होते.

आता नावांकडे वळते. भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रण 1902 च्या नोव्हेंबर महिन्यात कलकत्त्यात सुरू झाले. फ्रेड गैसबर्ग हा लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ यंत्रे घेऊन आला होता, आणि त्याच्यासमोर गायलेल्या कलावतींत गौहरजान अग्रभागी होती. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गावे लागे. मुद्रित झालेल्या मेणाच्या चकत्या जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तेथे तबकड्या छापल्या जात. तेथल्या कामगारांना भारतीय भाषा कळत नसल्याने कोणती चकती कोणाची ते ओळखता यावे म्हणून गाणे संपताच गायिका आपले नाव इंग्रजीत पुकारत असे. गौहरजानचे ते ठसठशीत, किंचित लाडिक वाक्य आज संगणकावरही ऐकायला मिळते. सोय कारखान्याची होती, पण त्या सोयीपोटी एका गायिकेने आपल्याच आवाजात आपले नाव कायमचे नोंदवून ठेवले. तिच्या समाजातील स्थानाचा विचार केला तर ही फार मोठी गोष्ट आहे.

लेबलावरच्या नावांतून समाज कसा दिसतो, हे एकदा पाहू लागले की थांबवत नाही. गाणे हा ज्यांचा पिढीजात व्यवसाय त्या स्त्रियांच्या नावापुढे ‘जान’ किंवा ‘बाई’ असे. ‘प्रतिष्ठित’ घरातील कोणी गायले तर नावाखाली कंसात ‘हौशी’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द छापून कंपनी त्या घराची लाज राखी. महंमद कासिम नावाचे बंगाली गायक श्यामासंगीत गात आणि तबकडीवर के. मल्लिक होत, कारण देवीची गाणी मुसलमान गायकाच्या नावाने विकली जातील की नाही याची धास्ती होती. तलत महमूद कलकत्त्यात बंगाली गाणी गात तेव्हा लेबलावर तपन कुमार असत. या माणसांचे आवाज घराघरांत पोहोचले आणि नावे दाराबाहेर राहिली.

याच संदर्भात मला ‘महल’ची तबकडी पाहायची होती. 1949 सालचा कमाल अमरोही यांचा हा चित्रपट. संगीत खेमचंद प्रकाश यांचे. त्यातले ‘आयेगा आनेवाला’ लताबाईंनी गायले तेव्हा त्या जेमतेम वीस वर्षांच्या होत्या. तबकडी निघाली तेव्हा गायिका म्हणून लेबलावर नाव छापले गेले ते ‘कामिनी’. लेबल नीट वाचून भाचीने विचारले, “मावशी, ही कामिनी कोण?” कामिनी हे मधुबालाने त्या चित्रपटात रंगवलेल्या पात्राचे नाव. गाणारी व्यक्ती पडद्यावर दिसत नाही म्हणून तिचे नाव देण्याचे कारण नाही, अशी तेव्हाची रीत होती, आणि त्या रीतीने गाणे पात्राच्या खात्यावर जमा होई. रेडिओवर गाणे वाजू लागले तेव्हा श्रोत्यांनी पत्रे पाठवून गायिका कोण असा धोशा लावला. अखेर आकाशवाणीने कंपनीकडून नाव मागवून घेतले आणि ते प्रसारित केले. एका अर्थी श्रोत्यांनीच ते नाव मिळवून दिले.

भाचीने तेवढ्यात मोबाइलवर तेच गाणे काढले. तेथे गायिका लता मंगेशकर, संगीतकार खेमचंद प्रकाश, सारे काही बिनचूक. “इथे बरोबर आहे, तबकडीवर चूक आहे,” असे तिने सांगितले, आणि तिच्या वयाला ते साजेसेच होते. मला मात्र त्या क्षणी संग्रहालयाचे मोल पुरते कळले. मोबाइलवरील नोंद बरोबर आहे, पण वीस वर्षांच्या त्या मुलीला एकेकाळी आपल्याच गाण्यावर नाव नव्हते ही हकीकत त्या बरोबर नोंदीने पुसून टाकली आहे. चूक दुरुस्त झाली, हे चांगलेच झाले. परंतु चूक होती याचा पुरावा कोठेतरी शाबूत राहिला पाहिजे, आणि तो कागदाच्या तीन इंची गोलावर शाबूत आहे. मी हे तिला समजावले तेव्हा तिने लेबलाचे छायाचित्र काढून घेतले.

मग सुई टेकली. आरंभीच्या संथ ओळी चित्रपटासाठी मुद्रित करताना आवाज दुरून जवळ येत जावा म्हणून लताबाई खोलीच्या कोपऱ्यातून गात गात मायक्रोफोनकडे चालत आल्या, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. तेव्हा आवाज मागेपुढे करण्याची आजच्यासारखी साधने नव्हती. अंतर हवे असेल तर गायिकेलाच अंतर चालावे लागे. जुन्या तबकडीत सुईची खरखर आवाजाच्या खाली सतत चालू असते आणि पहिली काही सेकंदे ती त्रासदायक वाटते. मग कान आपोआप तिच्या पलीकडचे ऐकू लागतो. आत्या डोळे मिटून बसली होती. गाणे संपल्यावर तिने फक्त एवढेच विचारले, “दुसरी बाजू लावता येईल का?”

येथे मला साहजिकच एक दुसरे लेबल आठवले. स्वतःचे नाव लेबलावर नसण्याचा अनुभव घेतलेल्या लताबाईंनी पुढे, कीर्तीच्या शिखरावर असताना, मराठीत आपणहून आपले नाव लपवले. ‘मोहित्यांची मंजुळा’ (1963), ‘मराठा तितुका मेळवावा’ (1964), ‘साधी माणसं’ (1965) आणि ‘तांबडी माती’ (1969) या भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना संगीत दिले ते ‘आनंदघन’ यांनी. हे आनंदघन कोण, याचा उलगडा पुष्कळांना ‘साधी माणसं’च्या संगीताला राज्य पुरस्कार मिळाला तेव्हाच झाला. ‘ऐरणीच्या देवा तुला’ आमच्या रामबागेतल्या गणेशोत्सवात कोण कोणत्या सुरात म्हणत नसे! पण त्याची चाल कोणाची हे म्हणणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक होते, ते सांगता येत नाही. ‘कामिनी’ आणि ‘आनंदघन’ ही दोन लेबले शेजारी ठेवून पाहावीत. एकीत नाव नाकारले गेले आहे, दुसरीत नाव बाजूला ठेवण्याचे स्वातंत्र्य आहे. या दोहोंच्या मध्ये अवघी चौदा-सोळा वर्षे आहेत आणि त्या काळात पार्श्वगायिकेचे स्थान समूळ बदलले. त्या बदलाचा मोठा भाग लताबाईंनी स्वतः भांडून घडवला, हे मला त्यांच्या गाण्याइतकेच महत्त्वाचे वाटते.

तरीही कितीतरी नावे आली नाहीत ती नाहीतच. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या गोव्याच्या वादक-संयोजकांनी संगीतकारांच्या चालींना वाद्यमेळ दिला, स्वरलिपी लिहून काढली, पन्नास-साठ वादकांना एकत्र वाजवायला लावले. लेबलावर त्यांना जागा नव्हती. एखाद्या गाण्यातली सॅक्सोफोनची किंवा मेंडोलिनची ओळ आपल्याला शब्दांइतकी पाठ असते, आणि ती कोणी वाजवली हे लेबल सांगत नाही. मोबाइलही सांगत नाही. या बाबतीत आपण अजून तेथेच आहोत.

लेबल फाटले किंवा पुसले गेले तरी तबकडी मुकी होत नाही, हे फार थोड्यांना माहीत असते. लेबलाच्या कडेला, जेथे खाच संपते त्या गुळगुळीत पट्ट्यावर, बारीक अक्षरांत एक क्रमांक कोरलेला असतो. तो साच्याचा क्रमांक. विक्रीसाठी दिलेला क्रमांक वेगळा आणि हा वेगळा. यावरून कोणत्या ध्वनिमुद्रणानंतर कोणते झाले, एकाच गाण्याचे किती प्रयत्न झाले आणि त्यातला कोणता छापला गेला, याचा माग काढता येतो. तबकडी उजेडात तिरपी धरून हा क्रमांक वाचायचा असतो. भाचीला हे कसब लगेच साधले, आणि त्यानंतर तिने गाणी ऐकणे सोडून क्रमांक वाचण्याचाच सपाटा लावला.

आत्याचे रेडिओशी नाते माझ्याहून जुने आहे. 1952 साली माहिती व नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर आपल्याच पुण्याचे. शास्त्रीय संगीतावर त्यांचे निरतिशय प्रेम होते, आणि चित्रपटसंगीत आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाले ते त्यांच्याच कारकिर्दीत. लोकांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि बुधवारची रात्र देशाने त्यांच्या हवाली केली. कोलंबोहून वाजत होत्या त्या याच तबकड्या. 1955 मध्ये इंदूरच्या मालवा हाऊसमध्ये आकाशवाणी केंद्र आले तरी आत्याच्या घरी बुधवारी सिलोनच लागत असे. 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू झाली आणि सरकारी रेडिओने चित्रपटगीताला पुन्हा दार उघडले. केसकरांचा हेतू उदात्त होता, हे मी मान्य करते. परंतु ज्या वर्षी ही हद्दपारी सुरू झाली त्याच वर्षी ‘बैजू बावरा’त अमीर खाँसाहेब आणि द. वि. पलुसकर एकत्र गात होते, हे पाहिले म्हणजे लोकप्रिय आणि अभिजात यांच्यात अशी भिंत घालणे त्या काळीही वस्तुस्थितीला धरून नव्हते, असेच म्हणावे लागते.

इंदूरला तर ही भिंत कधी मानवलीच नाही. याच शहरात, शिख मोहल्ल्यात, 28 सप्टेंबर 1929 रोजी लताबाईंचा जन्म झाला. त्या जागी आज कापडाचे दुकान आहे. याच शहरात अमीर खाँसाहेबांच्या गायकीची जडणघडण झाली. याच शहरात रामूभैया दाते यांच्यासारखा रसिकाग्रणी होऊन गेला, ज्यांच्या बैठकीत मोठमोठे गवई गाऊन गेले, आणि त्यांच्या घरात 1934 साली अरुण दाते जन्मले. त्यांनी कुमार गंधर्वांकडे धडे घेतले आणि मराठी भावगीतात ‘शुक्रतारा’ चमकवला. म्हणजे आमच्याकडे एकाच घरात, एकाच ग्रामोफोनवर खयाल आणि भावगीत दोन्ही वाजत होते, आणि कोणाचे काही बिघडत नव्हते. मध्य प्रदेश शासनाचा लता मंगेशकर सन्मान 1984 पासून दिला जातो आणि त्याचा सोहळा इंदूरला होतो; पहिला सन्मान नौशाद यांना मिळाला. असा वार्षिक सोहळा आवश्यकच आहे, परंतु शहराचे खरे काम वर्षभर चालणारे असते, आणि ते पिगडंबरला एका माणसाच्या जिद्दीवर चालू राहिले, याची खंत आम्हा इंदूरकरांना वाटली पाहिजे. शास्त्रीय संगीताच्या ध्वनिमुद्रणांसाठी विद्यापीठे आणि न्यास पुढे येतात. ज्या गाण्यांवर कोट्यवधी माणसांची आयुष्ये गेली ती गाणी मात्र हौशी संग्राहकांच्या भरवशावर सोडली जातात.

परतताना गाडीत आत्याने सांगितले की तिच्या माळ्यावर एक लाकडी पेटी आहे. तिच्या सासऱ्यांच्या वेळच्या तबकड्या. आम्ही थेट तिच्या घरी गेलो आणि पेटी उतरवली. नाट्यगीते, दोन-तीन भजनांच्या तबकड्या, बऱ्याचशा हिंदी चित्रपटांच्या, आणि ‘यंग इंडिया’ या मुंबईच्या जुन्या स्वदेशी कंपनीच्या काही. वर्षानुवर्षे त्या एकावर एक आडव्या पडून होत्या आणि खालच्या दोनांना तडे गेले होते. आता त्या उभ्या ठेवल्या आहेत, प्रत्येक वेगळ्या कागदी पाकिटात. तबकडी उभीच ठेवायची असते. आडवी ठेवली की वरच्यांच्या भाराने ती वाकते किंवा फुटते. इंदूरच्या मे महिन्यातल्या उन्हात पत्र्याखाली ठेवलेली तबकडीही वाकते. पावसाळ्यात लेबलावर बुरशी धरते, म्हणून भिंतीला टेकवून ठेवू नये. आणि स्पिरिटने तर कधीच पुसू नये, कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि तिच्याबरोबर गाणेही जाते. कोरड्या मऊ फडक्याने खाचांच्या दिशेने पुसले तरी पुष्कळ होते. लोखंडी सुईही एका बाजूनंतर बदलायची असते, कारण झिजलेले टोक खाच कुरतडते. त्यामुळे घरी जुना ग्रामोफोन चालू स्थितीत असला तरी दुर्मीळ तबकडी त्यावर वाजवण्याचा मोह टाळलेला बरा.

भाचीने एक वही केली आहे. तीत कंपनी, विक्रीचा क्रमांक, साच्याचा क्रमांक, लेबलावर जसे छापले आहे तसेच गायकाचे नाव, आणि शेजारच्या रकान्यात तो गायक प्रत्यक्षात कोण हे कळले असेल तर ते, अशी नोंद ती करते आहे. ‘जसे छापले आहे तसेच’ हा रकाना आधी भरायचा, एवढा एकच नियम मी तिला घालून दिला. एका भजनाच्या तबकडीवर कंसात तो ‘हौशी’चा शब्द आहे आणि नाव फक्त आद्याक्षरांत आहे. ती बाई कोण असावी याचा शोध आत्याने हाती घेतला असून जुन्या ओळखीच्या घरांत तिचे फोन सुरू झाले आहेत.

इंदूर, देवास, उज्जैन, धार येथील मराठी घरांच्या माळ्यांवर अशा पेट्या अजून असतील. घर विकताना किंवा पाडताना त्या भंगारात जातात. ज्यांच्याकडे असतील त्यांनी निदान दोन्ही बाजूंच्या लेबलांची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि तबकड्या नको असल्या तर आधी पिगडंबरला विचारावे. संग्रहालय पाहायला जाणाऱ्यांनीही हा एका व्यक्तीचा संग्रह आहे हे ध्यानात घेऊन आधी विचारून वेळ ठरवावी, आणि कोणते गाणे ऐकायचे, कोणते लेबल पाहायचे हे मनाशी ठरवून जावे.